दोन प्रतींपैकी एक : कर्जत-खालापूरच्या जमीन-दप्तराचा इतिहास

कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुक्यांचे जमीन-दप्तर एकाच ठिकाणी, एकाच हाती आणि एकाच प्रतीत राहिले, असा काळ शोधूनही सापडत नाही. गावच्या चावडीत एक नोंद, तालुका कचेरीत दुसरी, मोजणी खात्याकडे तिसरी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्या सर्वांचा गोषवारा, ही रचना राजवटींबरोबर बदलत गेली, पण मोडली नाही. अशा दुहेरी नोंदी का ठेवल्या जात, त्यांमागे राज्यकर्त्यांची सोय किती आणि अविश्वास किती, याची चर्चा महसूल-इतिहासात झालेली आहे. मात्र दोन प्रतींपैकी एक बंद करून दुसरीवर विसंबण्याची वेळ आली तेव्हा काय करावे लागले आणि काय करायचे राहून गेले, हा भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला. दप्तर कागदावरून संगणकावर गेले तेव्हा हा प्रश्न मिटला नाही. उलट तो अधिक काटेकोर रूपात पुढे आला, कारण संगणकशास्त्रातही एकच मजकूर दोन चकत्यांवर ठेवण्याची आणि पुढे त्यांतील एक चकती काढून घेण्याची रीत आहे, आणि ती रीत ज्या क्रमाने पार पाडावी लागते, तो क्रम महसुली दप्तराच्या अभ्यासकालाही बरेच काही सांगून जातो.

कर्जत तालुका उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि खालापूर तालुका पाताळगंगेच्या खोऱ्यात वसलेला असून दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. खोऱ्याच्या तळाशी भातखाचरे, त्यांच्या वर वरकस म्हणजे नाचणी-वरीची उताराची जमीन, आणि त्याहून वर जंगल, अशा तीन पायऱ्यांत येथील जमीन विभागलेली आहे आणि तिन्ही पायऱ्यांच्या नोंदींचा इतिहास वेगवेगळा आहे. प्रशासकीय दृष्ट्याही हा भाग स्थिर नव्हता. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा कर्जत त्यात नव्हते. पनवेल १८८३ मध्ये आणि कर्जत १८९१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आले. १८५० मध्ये माथेरान प्रकाशात आणणारे ह्यू मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर होते आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कर्जतचे वर्णन ठाण्याच्या खंडात आहे, ते यामुळेच. १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे येथील एखाद्या शेताचा दीडशे वर्षांचा माग काढू पाहणाऱ्याला वरच्या पातळीवरची कागदपत्रे प्रथम ठाण्याच्या आणि नंतर कुलाब्याच्या, म्हणजे अलिबागच्या, कारभारात शोधावी लागतात, आणि अशा वेळी गावपातळीवरची प्रत हाच एक सलग धागा उरतो.

मराठेशाहीत हा प्रदेश कल्याण प्रांताच्या कारभारात होता. गावचा हिशेब कुलकर्णी लिहीत असे आणि अनेक गावांच्या परगण्याचा हिशेब देशपांडे ठेवीत असे. हे दोघेही वतनदार, म्हणजे पिढीजात हक्काने काम करणारे आणि सरकारबदलीने न हटणारे. त्यांच्या जोडीला सरकारने नेमलेला कमाविसदार आपला स्वतंत्र हिशेब हुजुरात पाठवीत असे. वतनदाराची प्रत स्थानिक स्मृतीशी आणि स्थानिक हितसंबंधांशी बांधलेली, तर कमाविसदाराची प्रत पुण्याच्या नजरेसाठी लिहिलेली. दोन्हींचा मेळ बसला तर वसुली ठीक आहे असे मानले जाई, आणि बसला नाही तर चौकशी होई. एक प्रत दुसरीची नक्कल नसून तिची तपासणी आहे, हे या पद्धतीचे बलस्थान होते. इंग्रजी अंमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि कोणाचे इनाम खरे व कोणाचे खोटे याची छाननी सुरू झाली, तेव्हा पुण्यातील पेशवे दप्तर हा पुराव्याचा मोठा आधार ठरला. एखादे खानदान घरातील जी सनद दाखवी, तिची पडताळणी सरकारी दप्तरातील नोंदीशी होई. घरची प्रत आणि सरकारची प्रत यांत फरक निघाला तर सरकारची खरी, हा नियम तेव्हाच रुजला, आणि तो सत्याचा नव्हे तर सत्तेचा निर्णय होता, हे सांगितलेच पाहिजे.

पुढचा मोठा बदल मोजणीने घडवला. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ पासून इंदापूर भागात जी पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला निश्चित रूप आले, ती मुंबई इलाखाभर पसरली. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचे क्षेत्र, प्रत्येक क्षेत्रावर आकार, म्हणजे सारा, आणि या सर्वांचा गाववार तक्ता म्हणजे आकारबंद. मोजणीची टिपणे, नकाशे आणि आकारबंद मोजणी खात्याच्या ताब्यात राहिले, तर शेत कोण कसतो आणि सारा कोण भरतो याचा हिशेब महसूल खात्याकडे राहिला. एकाच शेताच्या दोन ओळखी दोन खात्यांत विभागल्या गेल्या. भूमी अभिलेख खाते आणि महसूल खाते या आजच्या दोन स्वतंत्र यंत्रणांची ही सुरुवात आहे, आणि सातबारावरचे क्षेत्र आकारबंदाशी जुळत नाही ही जी तक्रार दोन्ही तालुक्यांत ऐकू येते, तिचे मूळही येथेच आहे.

मालकी आणि इतर हक्कांची पद्धतशीर नोंद त्यानंतरची आहे. १९०३ च्या मुंबई कायद्याने अधिकार अभिलेख तयार करण्याची तरतूद केली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. गावच्या हिशेबाचे नमुने ठरवून देण्यात आले. त्यांतील सातवा नमुना हक्कांचा आणि बारावा पिकांचा; दोन्ही एका पानावर आल्यामुळे त्या पानाला सातबारा हे नाव पडले. मात्र दप्तराचा खरा प्राण सहाव्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे. खरेदी, वारसा, गहाण, वाटणी, कुळाचा हक्क, असा कोणताही बदल प्रथम फेरफारात क्रमांकाने लिहिला जातो, त्याची नोटीस हितसंबंधितांना दिली जाते, नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावली जाते, हरकतींसाठी मुदत दिली जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबारावर तिचा अंमल बसतो. जुने नाव खोडून काढले जात नाही. ते कंसात टाकले जाते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहिला जातो. सातबारा आजची स्थिती दाखवतो, तर ती स्थिती कोणत्या पायऱ्यांनी आली हे फेरफार सांगतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ही सर्व पद्धत कायम ठेवली आणि कलम १५७ ने अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाईल असे गृहीतक दिले. या गृहीतकामुळेच कोणती प्रत अधिकृत हा प्रश्न कारकुनी राहत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो शेत राहते की जाते इतका गंभीर असतो.

हस्तलिखित सातबाऱ्याच्या वह्या कायम टिकणाऱ्या नव्हत्या. पिकांचे रकाने ठरावीक वर्षांपुरते असत आणि ते भरले की तलाठ्याला पुनर्लेखन करावे लागे, म्हणजे चालू नोंदी नव्या वहीत उतरवून जुनी वही तालुक्याच्या अभिलेख कक्षात जमा करावी लागे. कंसातली नावे नव्या वहीत येत नसत, आणि ते योग्यच होते. परंतु घाईत कंसाबाहेरची नोंदही राहून जाई, इतर हक्कांच्या रकान्यातला बोजा किंवा कुळाचे नाव गळे, एकराचे हेक्टर करताना आकडा चुके. जुनी वही कक्षात गेल्यावर नवी वही हीच एकमेव चालू प्रत राही आणि तिच्यातील चूक पुढच्या पुनर्लेखनात विश्वासूपणे उतरवली जाई. दोन प्रतींपैकी एक बंद करण्याचा हा सर्वांत साधा आणि सर्वाधिक वेळा घडलेला प्रसंग. त्याला कोणी प्रसंग म्हणून ओळखले नाही, इतकेच.

कर्जत-खालापूरमध्ये ही गळती विशेष महाग पडण्यासारखी होती, कारण येथील पुष्कळसे हक्क मुख्य रकान्यात नव्हे तर इतर हक्कांच्या रकान्यात राहत आले. १९४८ च्या कूळ कायद्याच्या सुधारणेने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, कायद्यातील अपवाद सोडून, तिचे मालक झाल्याचे मानले गेले. परंतु मालकाचे नाव वर आणि कुळाचे नाव इतर हक्कात, अशी स्थिती कलम ३२ग खालील चौकशी व किंमत-निश्चिती पूर्ण होईपर्यंत राहत असे. ठाकूर आणि कातकरी या आदिवासी समाजांच्या जमिनींना संहितेच्या कलम ३६ व ३६अ चे संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय हस्तांतरण होऊ नये हा शेराही याच रकान्यात असतो. शेरा गळला तर संरक्षण कायद्याने जात नाही, पण खरेदीखत करणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून मात्र जाते.

तिसऱ्या पायरीवर, जंगलात, तर दुसरी प्रतच नव्हती. डोंगरउतारावरील वनजमिनीचा तुकडा ठरावीक अटींवर कसण्यासाठी देण्याची दळी ही पद्धत रायगडच्या डोंगरी भागात रूढ होती, आणि तिच्या नोंदी महसूल खात्याच्या सातबाऱ्यात नव्हे तर वनखात्याच्या वह्यांत असत. कसणारे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तेथे असले तरी त्याच्या हाती काही नाही आणि चावडीतही काही नाही. जी एकच नोंद होती ती जमिनीवर स्वतःचा दावा असणाऱ्या खात्याच्या कपाटात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी पुरावा म्हणून शासकीय कागदांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही ग्राह्य धरले, ही तरतूद म्हणजे एकाच प्रतीवर अवलंबून राहिलेल्या दप्तराची उशिरा झालेली दुरुस्ती होय.

गावपातळीची प्रत ज्यांच्या हाती होती ते हातही बदलले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली आणि पगारी तलाठी हा गावच्या दप्तराचा एकमेव लेखक झाला. १९६३ च्या आरंभी महसुली पाटलाचे पदही गेले. वतनदारी संपणे सामाजिक दृष्ट्या आवश्यक होते यात शंका नाही. परंतु दप्तराच्या दृष्टीने पाहिले, तर एकमेकांवर नजर ठेवणारे दोन लेखक जाऊन एक लेखक आणि त्याच्यावर तपासणीपुरता येणारा वरिष्ठ, अशी रचना आली. याच तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले.

संगणकाचा प्रवेश यानंतर होतो. भारतीय कारभारात ज्या यंत्रणांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर खातेवह्या संगणकावर नेल्या त्या बँका होत, आणि डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर त्यांच्या खरेदीत युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांना महत्त्व आले. युनिक्स ही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली, अनेकांना एकाच वेळी एका यंत्रावर काम करू देणारी प्रणाली. जमीन अभिलेखांसाठी केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक योजना सुरू केली, त्यांत महाराष्ट्रातून वर्धा निवडला गेला. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट तंत्रामुळे देवनागरीत नोंदी ठेवणे सुकर झाले, नाहीतर रोमन लिपीतल्या सातबाऱ्यावर आडनावांचे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

खातेवही संगणकावर गेली की ती फिरत्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, राहते, आणि डिस्क हे झिजणारे यंत्र आहे. म्हणून एकच मजकूर दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिण्याची रीत आली. तिला डिस्क मिररिंग म्हणतात. टँडम कंपनीच्या १९७६ पासूनच्या अखंड चालणाऱ्या यंत्रांनी ती बँका आणि शेअर बाजारांसारख्या ठिकाणी रुजवली, आणि १९८८ मध्ये बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक डिस्कांच्या रचनांना रेड हे नाव देऊन त्यांची वर्गवारी केली, तेव्हा या रीतीला पहिला क्रमांक मिळाला. एक डिस्क बंद पडली तरी दुसरी काम चालू ठेवते, इतकाच तिचा हेतू. मिररिंग म्हणजे जतन नव्हे, हे मात्र वारंवार विसरले जाते. चुकीची नोंद केली, एखादी फाइल पुसली, तर ती चूक त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवर जाते. दोन प्रती कायम सारख्या असतात, म्हणून त्या एकमेकींची तपासणी करू शकत नाहीत. देशपांडे आणि कमाविसदार यांचे हिशेब वेगळ्या हातांनी लिहिलेले होते, म्हणून ते एकमेकांना पकडू शकत. मिररच्या दोन डिस्कांवर एकच हात लिहीत असतो.

युनिक्समध्ये सर्व फाइलींचा वृक्ष एका मुळापासून सुरू होतो आणि त्या मुळाच्या भागाला रूट फाइलसिस्टीम म्हणतात. यंत्र सुरू होताना लागणारा गाभा, म्हणजे कर्नल, आणि कोणता भाग कोठे जोडायचा याची यादी, हे सर्व या मुळातच असते. साहजिकच बड्या यंत्रांवर रूटचेही मिररिंग केले जाई. पण डिस्क बदलणे, नवी आवृत्ती बसवणे किंवा मिररिंगचे काम स्वतंत्र नियंत्रक यंत्राकडे सोपवणे, अशा कारणांनी ते कधीतरी काढावे लागे, आणि येथे अडचण उभी राही. इतर बहुतेक भाग वापरातून सोडवून, त्यांचे मिररिंग मोडून पुन्हा जोडता येतात. रूट मात्र यंत्र चालू असेपर्यंत वापरात असते, आणि जे कामात आहे ते मोडता येत नाही.

सन कंपनीच्या सोलारिस या युनिक्सवर हे काम कसे होई, हे पाहण्यासारखे आहे. आरंभी दोन्ही अर्धे निरोगी आणि एकमेकांशी जुळलेले आहेत याची मेटास्टॅट या आज्ञेने खात्री करून घेतली जाई. एक अर्धा जुळणीच्या मध्यावर किंवा दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असेल तर कोणता ठेवायचा याचा निर्णय तेथेच होई. मग मेटाडिटॅच या आज्ञेने नको असलेला अर्धा सुटा केला जाई. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. मेटारूट ही आज्ञा यंत्राच्या दोन याद्यांत बदल करी, जेणेकरून पुढच्या वेळी रूट हे मिररच्या नावाने नव्हे तर थेट त्या एका डिस्कच्या नावाने शोधले जावे. मग सर्व प्रलंबित लेखन डिस्कवर उतरवून यंत्र पुन्हा सुरू केले जाई, आणि ते नव्या पत्त्यावरून उभे राहिल्यावरच मेटाक्लिअरने मिररची उरलेली रचना मोडली जाई. शेवटी कोणत्या डिस्कवरून यंत्र सुरू व्हायचे तो क्रम तपासला जाई आणि सुट्या झालेल्या डिस्कवरील मिररच्या खुणा पुसल्या जात. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर याच कामासाठी अनमिररव्हीजी ही एकच आज्ञा असली तरी नंतर सुरुवातीचा भाग नव्याने लिहून सुरू होण्याच्या डिस्कांची यादी बदलावीच लागे, आणि लिनक्सवर एमडीअॅडम या साधनाने डिस्क बाद करून काढल्यावर तिच्यावरील ओळखखूण स्वतंत्र आज्ञेने शून्य करावी लागते.

या पायऱ्यांची अदलाबदल करता येत नाही. पत्ता न बदलता रचना मोडली तर यंत्र अस्तित्वात नसलेल्या मिररचा शोध घेत थांबते. पत्ता बदलला पण टाकून दिलेल्या डिस्कवरील खूण पुसली नाही, तर होणारी चूक अधिक वाईट असते, कारण ती लगेच दिसत नाही: एखाद्या दिवशी यंत्र त्या जुन्या डिस्कवरूनच उभे राहते, सर्व काही नीट चालल्यासारखे दिसते, आणि मधल्या काळातल्या नोंदी मात्र कोठेच नसतात. जुळणी, पत्ता-बदल आणि खूण पुसणे, या तीन गोष्टी झाल्याशिवाय एक प्रत खऱ्या अर्थाने बंद होत नाही.

महाराष्ट्रातील सातबाऱ्याचे संगणकीकरण याच तीन कसोट्यांवर तपासता येते. २००८ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आणि २०१६ पासून नव्या नावाने चालू राहिलेल्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाखाली राज्यात ई-फेरफार प्रणाली आली, आणि काही वर्षे हस्तलिखित व संगणकीकृत असे दोन सातबारा शेजारी शेजारी नांदले. हस्तलिखित प्रत बंद करण्याआधी दोन्ही जुळवणे आवश्यक होते, म्हणून री-एडिट नावाच्या टप्प्यात तलाठ्यांनी हस्तलिखिताशी ताडून संगणकातील नोंदी दुरुस्त केल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचनाची विशेष मोहीम झाली. गावकऱ्यांसमोर सातबारा वाचून हरकती मागवण्याची जुनी रीत नव्या दप्तरासाठी वापरली गेली, आणि या सबंध प्रक्रियेतील सर्वांत शहाणा निर्णय कोणता असे विचारले तर याकडेच बोट दाखवावे लागेल, कारण दोन लिखित प्रतींना तेथे गावाच्या आठवणीची तिसरी साक्ष मिळाली. लेखनप्रमादासाठी संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्तीचा मार्ग खुला ठेवण्यात आला. पहिली कसोटी, जुळणीची, अपूर्णतेसह का होईना, पाळली गेली.

दुसरी कसोटी, पत्ता बदलण्याची, अधिक नीटपणे पार पडली. हस्तलिखित उतारा देणे थांबवून संगणकीकृत उताराच अधिकृत मानण्याचे धोरण राज्याने स्वीकारले, १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, आणि पिकांची नोंदही १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याच्या हाती सोपवण्यात आली. बँक, दुय्यम निबंधक आणि न्यायालय यांनी कोणत्या प्रतीकडे पाहायचे, हे ठरले.

तिसरी कसोटी, टाकून दिलेल्या प्रतीची खूण पुसण्याची, मात्र राहून गेली, आणि कर्जत-खालापूरइतकी तिची आच इतर थोड्याच ठिकाणी लागत असेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून गेला, शेतघरे आणि दुसऱ्या घरांसाठी मुंबईकरांची मागणी वाढली, २०१३ मध्ये विमानतळ प्रभावित क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या नैना प्रदेशाची हद्द या भागापर्यंत पोहोचली, आणि भातखाचराची किंमत त्यातल्या भातावर अवलंबून राहिली नाही. अशा बाजारात जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याच्या झेरॉक्स प्रती दलालांच्या पिशव्यांत फिरत राहण्याचा धोका उघड आहे. त्यांवर गोल शिक्का असतो, तलाठ्याची सही असते, फक्त त्या आज मृत आहेत असे कोठे लिहिलेले नसते. बंद केलेल्या प्रतीवर बंद झाल्याची खूण उमटवणे ही अखेरची पायरी सरकारी कारभाराला किरकोळ वाटली. संगणक चालवणाऱ्याने तिला कधीच किरकोळ मानले नसते.

याहून मोठा दोष जुळणीच्या आशयातच आहे. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळवला गेला. आकारबंदाशी त्याचा मेळ घालण्याचे काम त्यामागून, निराळ्या गतीने चालले. म्हणजे पुनर्लेखनात एकराचे हेक्टर करताना जो आकडा चुकला असेल, तो नव्या प्रणालीत जसाच्या तसा उतरला. एका हाताने लिहिलेल्या दोन प्रती जुळल्या याचा अर्थ त्या खऱ्या आहेत असा होत नाही. मोजणी खात्याची प्रत ही वेगळ्या हाताने लिहिलेली होती, आणि खरी तपासणी तिच्याशीच व्हायला हवी होती; या मुद्द्यावर एकोणिसाव्या शतकातील दोन खात्यांची विभागणी, जी एरवी शेतकऱ्याला हेलपाट्यांनी जेरीस आणते, आजही उपयोगाची आहे.

फेरफार नोंदवहीचे महत्त्व येथे पुन्हा दिसते. सातबारा, मग तो कागदावरचा असो वा पडद्यावरचा, शेवटची स्थितीच दाखवतो. त्या स्थितीपर्यंतचा क्रम फेरफारातच असतो, आणि चूक कोणत्या वर्षी, कोणत्या नोंदीत शिरली हे शोधण्याचे दुसरे साधन नाही. म्हणून जुने हस्तलिखित सातबारा अधिकृत नसले तरी ते आणि फेरफारांच्या मूळ वह्या अभिलेख कक्षात सुरक्षित राहणे अपरिहार्य आहे. प्रत बंद करणे वेगळे आणि नष्ट करणे वेगळे. ओल, वाळवी आणि जुलै २००५ सारखे पूर यांपासून हे कागद वाचवण्याचा खर्च हा गतकाळाच्या हौसेवरचा खर्च नसून चालू मालमत्तेच्या पुराव्यावरचा खर्च आहे.

या दोन तालुक्यांत जमीन असलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच केवळ डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावर थांबू नये. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळेल तितका जुना हस्तलिखित सातबारा, त्यानंतरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल आणि उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडील आकारबंदाचा उतारा मागवावा, इतर हक्कांचा रकाना ओळीओळीने ताडून पाहावा, आणि फरक निव्वळ लेखनप्रमादाचा असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. हक्काचाच वाद असेल तर त्या कलमाने तो सुटत नाही, त्यासाठी अपील किंवा दिवाणी न्यायालयाचाच मार्ग धरावा लागतो.